नारायण पेठ ते लंडन : अंतर किती, वेळ किती

पुण्याच्या नारायण पेठेतला केसरीवाडा आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ यांच्यातले अंतर पृथ्वीच्या पृष्ठभागावरून, सर्वांत जवळच्या वाटेने मोजले तर सुमारे ७,३३० किलोमीटर भरते. लोकमान्य टिळकांच्या काळी ते जेवढे होते तेवढेच आजही आहे. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलवरच्या अब्रुनुकसानीच्या दाव्यासाठी टिळक सप्टेंबर १९१८ मध्ये मुंबईहून बोटीने निघाले आणि ३० ऑक्टोबरला लंडनला पोचले. महिन्याहून अधिक काळ वाटेतच गेला. आज पेठेतून पहाटे निघालेला माणूस त्याच दिवशी रात्रीच्या जेवणाला लंडनमध्ये असतो.

या दोन ठिकाणांचा संबंध जुना आहे. केसरीवाड्यासमोरच्या रस्त्याला ज्यांचे नाव आहे त्या न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने १९३२ मध्ये लंडनचे महाराष्ट्र मंडळ उभे राहिले. त्या काळी विलायतेला जाणे ही घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सांगावी अशी गोष्ट होती. आता पेठेतल्या कितीतरी घरांतून आई-वडील मुलांकडे दोन-तीन महिने राहायला जातात, आणि निघण्यापूर्वी त्यांचा पहिला प्रश्न असतो : एकूण वेळ किती लागेल? त्याचे उत्तर तिकिटावर पूर्ण मिळत नाही, कारण तिकीट फक्त विमानतळ ते विमानतळ एवढेच बोलते.

आधी अंतराचे पाहू. केसरीवाडा साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३.८५ अंश पूर्व रेखांशावर आहे. हीथ्रो ५१.५ अंश उत्तरेला, ग्रीनिचच्या जेमतेम अर्धा अंश पश्चिमेला. पृथ्वीच्या केंद्रापासून या दोन्ही ठिकाणांकडे रेषा काढल्या तर त्यांच्यात जवळपास ६६ अंशांचा कोन होतो. पृष्ठभागावर एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजेच वर दिलेले अंतर. पृथ्वी अगदी गोल नाही. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, तर ध्रुवाशी ६,३५७. त्यामुळे बारकाईने हिशेब केला की काही किलोमीटर इकडेतिकडे होतात, पण प्रवाशाच्या दृष्टीने तो फरक नगण्य आहे.

ही जवळची वाट शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात सरळ दिसत नाही. तिथे पुणे आणि लंडन पट्टीने जोडले तर रेघ अरबी समुद्रावरून, इराण, इराक आणि तुर्कस्तानवरून जाते. होकायंत्रावर एकच दिशा धरून या रेघेने गेले तर अंतर ७,५३० किलोमीटर होते, म्हणजे २०० किलोमीटर जास्त. पृथ्वीच्या गोलावर मात्र दोन टाचण्या टोचून त्यांच्यात दोरा ताणला, की तो या रेघेच्या बराच उत्तरेला सरकतो. या ताणलेल्या दोऱ्याच्या वाटेला भूगोलात बृहद्‌वृत्ताची वाट म्हणतात. पुण्याहून ती वायव्येला, किंचित उत्तरेकडे झुकून निघते. कल्याण-भिवंडीचा परिसर, खंबातच्या आखाताचे तोंड, सौराष्ट्र आणि कच्छ ओलांडून ती कराचीच्या आसपास पोचते. पुढे बलुचिस्तान, इराणचा पूर्व आणि उत्तर भाग, कास्पियन समुद्राचे दक्षिण टोक, अझरबैजान, जॉर्जिया. मग काळ्या समुद्राची ईशान्य बाजू, क्रिमिया, युक्रेन, पोलंड आणि चेक प्रजासत्ताकाची सीमा, जर्मनी. वाटेत तिची दिशा सतत बदलत जाते, आणि वायव्येला तोंड करून निघालेली ही वाट लंडनला पोचते तेव्हा जवळजवळ नेमक्या पश्चिमेला वळलेली असते. हीथ्रोच्या दोन्ही धावपट्ट्याही पूर्व-पश्चिम आहेत.

या वाटेवरून प्रत्यक्षात एकही प्रवासी विमान आज जसेच्या तसे जात नाही. पुण्याहून लंडनला थेट विमान नाही हे एक कारण. दुसरे कारण अधिक मोठे आहे. आकाशालाही सीमा असतात, आणि कोणाचे विमान आपल्या डोक्यावरून जाऊ द्यायचे हे प्रत्येक देश ठरवतो. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद झाले. त्याआधी १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवर मलेशिया एअरलाइन्सचे विमान क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि त्यातले सर्व २९८ जण ठार झाले. युद्धभूमीवरून उंचावरून जाणेही सुरक्षित नाही, हे त्या दिवशी जगाला कळले. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केले. याचा मोठा फटका दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना बसला. मुंबईहून निघालेले विमान त्या मानाने सोयीच्या जागी आहे, कारण ते अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूला जाऊन इराण किंवा इराक, तुर्कस्तान आणि पूर्व युरोप या मार्गाने पुढे जाऊ शकते. पश्चिम आशियात संघर्ष पेटला आणि इराण-इराकचे आकाशही बंद झाले, की मात्र सौदी अरेबिया आणि इजिप्तकडून आणखी मोठा वळसा पडतो. मुंबई ते हीथ्रो हे जवळच्या वाटेने ७,२१० किलोमीटर आहे. विमान प्रत्यक्षात त्याहून काहीशे किलोमीटर जास्त कापते, आणि हा वाढावा दर मोसमात, कधी दर आठवड्यातही बदलतो.

आता वेळ. या मार्गावरची आजची मोठी विमाने, उदाहरणार्थ बोइंग ७८७, दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जातात. नुसता भागाकार केला तर मुंबई-लंडनला आठ तास पुरेत. तिकिटावर साडेनऊ-दहा तास असतात. वरचे दीड-दोन तास कुठे जातात ते पाहण्यासारखे आहे.

काही वेळ जमिनीवरच जातो. वेळापत्रकातली वेळ विमान फलाटावरून हलल्यापासून पलीकडच्या फलाटाला लागेपर्यंतची असते, हवेत उचलल्यापासूनची नव्हे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत, आणि विमानांची रांग लागते. वर चढताना आणि खाली उतरताना वेग कमी असतो. लंडनला पोचल्यावर आणखी एक थांबा संभवतो. हीथ्रोची क्षमता जवळजवळ पूर्ण वापरात असल्याने येणाऱ्या विमानांना शहराच्या चार बाजूंच्या ठरलेल्या जागी, एकाखाली एक अशा थरांमध्ये, घिरट्या घालत वाट पाहावी लागते. लंडनच्या ईशान्येला लँबोर्न नावाची अशी एक जागा आहे. खिडकीतून तेच शेत आणि तोच रस्ता पुन्हा दिसू लागला की विमान अशा घिरटीत आहे असे खुशाल समजावे.

उरलेल्या वेळेचा हिशेब वाऱ्याकडे आहे. आपल्याकडच्या हिवाळ्यात उत्तर भारतावरून आणि इराणवरून, नेमक्या विमानांच्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा पट्टा वाहतो. त्याचा वेग ताशी १५० किलोमीटरच्या वर सहज जातो. लंडनला जाणारे विमान त्याला तोंड देत जाते आणि परतणारे त्याच्या पाठबळावर येते. हवेच्या तुलनेत विमानाचा वेग दोन्ही वेळा सारखाच असतो. जमिनीच्या तुलनेत मात्र तो एकदा ८०० होतो आणि एकदा हजारावर जातो. म्हणून जायला जिथे साडेनऊ-दहा तास लागतात तिथे यायला साधारण नऊ, कधी त्याहूनही कमी. पावसाळ्यात हा पट्टा हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि फरक घटतो. मार्ग आखणारे लोक रोज वाऱ्याचा अंदाज पाहून वाट ठरवतात, आणि अंतराने थोडी लांबची पण वाऱ्याच्या दृष्टीने हलकी वाट पुष्कळदा लवकर पोचवते. अर्ध्या तासाचा फरकही किरकोळ नसतो, कारण ७८७ सारखे विमान तासाला सुमारे पाच टन इंधन जाळते.

या ठिकाणी एक समजूत दूर केली पाहिजे, कारण ती चांगल्या शिकलेल्या माणसांतही आढळते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तेव्हा पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखालून ती सरकून लंडन आपोआप जवळ यायला हवे, असे काहींना वाटते. तसे होत नाही. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरते, आणि जमिनीवर उभे असलेले विमानही त्याच गतीने फिरत असते. उडाल्यावर ती गती नाहीशी होत नाही. फिरण्याचा परिणाम होतो तो वाऱ्याच्या दिशेवर, आणि तो पश्चिमेला जाणाऱ्याच्या विरुद्धच जातो.

तिकीट वाचताना गोंधळ होतो तो घड्याळांमुळे. तिकिटावर प्रत्येक ठिकाणची वेळ तिथली स्थानिक असते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर बेतलेली आहे, म्हणून ती ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. इंग्लंडमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात, त्यामुळे उन्हाळ्यात हा फरक साडेचार तासांचा होतो. समजा, जानेवारीत विमान मुंबईहून दुपारी २ वाजता सुटले आणि दहा तास लागले. भारतात तेव्हा रात्रीचे १२ वाजलेले असतात, लंडनमध्ये संध्याकाळचे साडेसहा. कागदावर प्रवास साडेचार तासांचा दिसतो. परतीचे विमान लंडनहून रात्री ९ ला सुटून नऊ तासांत आले, तरी मुंबईत सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात आणि कागदावर साडेचौदा तास दिसतात. खरा वेळ काढायचा तर दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणायच्या आणि मग वजाबाकी करायची, एवढे केले की चूक होत नाही.

पश्चिमेला जाताना दिवस लांबतो याचेही साधे गणित आहे. पुण्याच्या अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जातो, लंडनच्या अक्षांशावर सुमारे १,०४०. विमान जसजसे उत्तरेला जाते तसतशी सूर्याशी त्याची बरोबरी वाढत जाते, आणि उन्हाळ्यातल्या दुपारच्या विमानात खिडकीबाहेरचे ऊन तासन्‌तास तसेच राहते. शरीराचे घड्याळ मात्र पुण्याच्या वेळेवरच चालते. लंडनला पोचलेल्यांना पहिले काही दिवस पहाटे तीन-चारला जाग येते ती यामुळे. परतल्यावर उलटे होते : रात्री झोप येत नाही आणि सकाळी डोळे उघडत नाहीत. बहुतेकांना परतीनंतर रुळायला अधिक दिवस लागतात, कारण दिवस लांबवणे शरीराला जमते, आखूड करणे जड जाते.

टिळकांच्या महिन्याभराच्या प्रवासापासून इथवर येण्याचा क्रम एकसारखा नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून मुंबई-लंडन हे समुद्रमार्गाने सुमारे १९,८०० किलोमीटर होते. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि ते ११,६०० वर आले. पुढे वाफेच्या बोटी सुधारल्या, आणि मार्सेलला उतरून पुढे आगगाडीने जाण्याची सोय झाल्यावर दोन आठवड्यांत लंडन गाठता येऊ लागले. महात्मा गांधी गोलमेज परिषदेसाठी २९ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीने निघाले आणि १२ सप्टेंबरला लंडनला पोचले. टिळकांना याच्या दुपटीहून अधिक दिवस लागले ते महायुद्ध अजून संपायचे होते म्हणून.

गांधीजी बोटीने गेले तेव्हा हवाई मार्ग नुकताच उघडला होता. इंपीरियल एअरवेजने ३० मार्च १९२९ रोजी लंडन-कराची सेवा सुरू केली. तिला सुमारे सात दिवस लागत आणि युरोपातला काही टप्पा चक्क आगगाडीने करावा लागे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला विमान उतरवले आणि मुंबई या साखळीला जोडली गेली. खरा बदल ८ जून १९४८ ला झाला. एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान कैरो आणि जिनीव्हा इथे थांबत लंडनला गेले. आठवड्यांचा प्रवास साधारण एका दिवसावर आला. १९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि वेग जवळजवळ दुप्पट झाला.

तिथून पुढे वेग वाढलेला नाही, हे ठळकपणे सांगायला हवे. ७०७ ज्या वेगाने जात असे जवळपास त्याच वेगाने आजची विमाने जातात. ध्वनीच्या वेगाजवळ गेले की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो आणि इंधनाचा खर्च परवडेनासा होतो, म्हणून सगळे त्याच्या अलीकडेच थांबले आहेत. नंतरच्या काळात वाचला तो वाटेतल्या थांब्यांचा वेळ. इंजिने कमी इंधनात अधिक जाऊ लागली आणि मुंबई-लंडन विनाथांबा झाले. थोडक्यात, हवेतल्या वेळेत आता कमी करण्यासारखे फारसे उरलेले नाही.

नारायण पेठेतल्या माणसासाठी खरा प्रश्न त्यामुळे जमिनीवरचा आहे. मुंबईचा विमानतळ पेठेपासून दीडशे किलोमीटरवर. दुपारी दोनच्या विमानासाठी पहाटे सहाला निघावे लागते. जुन्या वाड्यांकडे जाणाऱ्या बोळांत मोठी गाडी शिरत नाही, म्हणून बॅगा हाताने केळकर रस्त्यापर्यंत आणायच्या. प्रत्येक बॅग आदल्या रात्री वजनकाट्यावर चढलेली असते, चिवडा-लाडवांचे डबे एकीतून काढून दुसरीत घातलेले असतात. गाडी शहराबाहेर पडून द्रुतगती मार्गाला लागते. ९४.५ किलोमीटरचा हा रस्ता २००२ मध्ये पूर्ण झाला. तो मोकळा असला तर तीन-साडेतीन तासांत विमानतळ येतो, पण बोरघाटात ट्रक बंद पडला किंवा पावसाळी शनिवारी लोणावळ्याची गर्दी आडवी आली तर पाच तासही लागतात. प्रवासी हे गृहीत धरूनच निघतो, म्हणजे वेळ खर्च झाला नाही तरी राखून ठेवावाच लागतो. रेल्वेनेही हा टप्पा आक्रसलेला नाही. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन पुणे-मुंबई अंतर पावणेतीन तासांत कापत असे. आज तिला तीन तासांहून अधिक लागतात.

विमानतळावर तीन तास आधी पोचायचे, विमानात दहा तास, लंडनला उतरल्यावर पारपत्र तपासणी आणि सामान यांत तास-दीड तास, मग भुयारी रेल्वेने शहरात तासभर. बेरीज वीस तासांच्या घरात जाते, आणि त्यातला निम्माच काळ विमान चालत असते.

पुण्याहूनच विमानात बसायचे तर कुठेतरी विमान बदलावे लागते. अंतराच्या दृष्टीने पाहिले तर दुबई जवळजवळ वाटेवरच आहे. पुणे-दुबई २,०५० आणि दुबई-लंडन ५,५०० मिळून ७,५५० किलोमीटर होतात, म्हणजे थेट अंतराहून दोनशे-सव्वादोनशेच जास्त. आखाती देशांतले विमानतळ भारत आणि युरोप यांच्यातले मोठे नाके झाले त्यामागे भांडवलाइतकाच या भूगोलाचा वाटा आहे. दिल्लीमार्गे गेले तर पुणे-दिल्ली १,१५५ आणि दिल्ली-लंडन ६,७३० मिळून सुमारे ७,८९० होतात. वाट साडेपाचशे किलोमीटरने वाढते, आणि पाकिस्तानचे आकाश बंद असेल तर भारतीय कंपन्यांच्या विमानांना त्यावर आणखी वळसा पडतो. दोन्ही मार्गांवर एकूण वेळ ठरतो तो मधल्या थांब्यावर. दोन-अडीच तासांचा थांबा असेल तर मुंबईच्या रस्त्याइतकाच किंवा थोडा कमी वेळ लागतो. तो सहा-सात तासांचा असेल तर मुंबई बरी. वयस्क प्रवाशांना मात्र घाटातल्या अनिश्चिततेपेक्षा विमानतळावरचे बसणे पुष्कळदा सोसवते, आणि चाकाच्या खुर्चीची मदत मागितली असेल तर विमान बदलणेही अवघड जात नाही.

पुण्याहून युरोपला थेट विमान कधी नव्हतेच असे नाही. २००८ मध्ये लुफ्थान्साने पुणे-फ्रँकफर्ट सेवा सुरू केली. विमान लहान आणि आसने मोजकी, तरीही फ्रँकफर्टला जाताना इंधनासाठी वाटेत उतरावे लागे. लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ आहे. त्याची धावपट्टी सुमारे २,५३५ मीटर, तर मुंबईची मुख्य धावपट्टी जवळजवळ ३,४५० मीटर. शिवाय लोहगाव समुद्रसपाटीपासून ५९० मीटर उंच. उंचीवर आणि उन्हाळ्यात हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते, आणि इंधनाने पूर्ण भरलेल्या विमानाला उडण्यासाठी अधिक लांब धाव लागते. २०२४ मध्ये लोहगावला नवी इमारत सुरू झाली, प्रवाशांची सोय वाढली, पण धावपट्टी तीच राहिली. दहा तासांचे इंधन आणि अडीचशे माणसे घेऊन मोठे विमान तिथून उडवणे परवडत नाही.

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमाने उडू लागली. तो पनवेलच्या बाजूला, द्रुतगती मार्ग संपतो त्याच्या जवळ आहे. लंडनचे विमान तिथून मिळाले तर मुंबई शहरातली गर्दी टळून पेठेतून निघणाऱ्याचा तासभर वाचतो, घाट मात्र चुकत नाही. पुरंदर तालुक्यातल्या नियोजित विमानतळामुळे घाटही चुकेल. तिथे लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांना पुरेल अशी धावपट्टी बांधायची योजना आहे. ती झाली आणि थेट विमान मिळाले, तर पेठेतून विमानतळ दीड तासावर येईल आणि घरापासून घरापर्यंतचा प्रवास वीस तासांवरून सोळा-सतरा तासांवर उतरेल.